ओळ ४१,२०७

रात्री दोन-दहाला उशाखाली फोन थरथरला.
लाल खूण. काम थांबलं.
चष्मा सापडेपर्यंत दुसरा मेसेज :
पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबलं.
यंत्राचं हे एक बरं असतं,
फसलं की मिनिटासकट सांगतं.

लॉग वरून वाचायचा नसतो,
हे पहिल्याच वर्षी कळलं होतं.
तळापासून वर यायचं.
रडारड सगळी खाली असते,
कारण वर कुठेतरी
एका ओळीत गुपचूप बसलेलं.

इंदूरची एक जुनी पतपेढी,
तिची सत्तर वर्षांची खाती
जुन्या फॉन्टमधून नव्या घरी हलवतोय आम्ही.
रोज रात्री माणसं रांग धरतात,
एक अडलं की मागचे सगळे उभे.
सियागंज शाखेचे व्यापारी गेले बिनबोभाट,
एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
मग रामबाग शाखा सुरू झाली
आणि पहिल्याच नावाला ठेच :
सुनंदा गजानन पिंग, पुढे एक रिकामा चौकोन,
त्याच्यावर कुठलीच न टेकलेली मात्रा.

कारण एवढंच : अक्षर तक्त्यात नाही.
तक्ता उघडला. कुणी केला होता कोण जाणे,
पण मन लावून केला होता.
क ते ज्ञ, जोडाक्षरं, नुक्ते, अगदी ऑसुद्धा.
ळ नव्हता.

लोकेंद्रला फोन लावला.
विजयनगरच्या ऑफिसात तो एकटाच जागा.
"मैडम, ल डाल दो ना. तीन मिनट का काम है."
खरंच तीन मिनिटांचं होतं.
माझं तर तेवढ्यातही झालं होतं,
पहिलीच्या हजेरीत : ढवले.
मग मार्कशीटवर ढवले, आधारवर ढवले.
बाबा दर जूनला अर्ज लिहायचे,
मोठ्या बाई हसून म्हणायच्या, "एक ही बात है."
आठवीच्या वर्षी त्यांनी अर्ज लिहिला नाही.
मी विचारलंही नाही.
ढवले म्हटलं की "उपस्थित" म्हणायचे.

बोट ल वर होतं.
आठला अहवाल द्यायचा होता.
आणि पिंगळेबाई कुठे बघायला येणार होत्या?
खातं एक्क्याऐंशी सालचं, शिल्लक दोनशे चौदा रुपये,
वारस : मुलगी.
सोबत सहीचं स्कॅन होतं, ते मोठं करून पाहिलं.
निळी शाई, हात थोडा कापरा,
शिरोरेघ घसरत गेलेली,
ळ मात्र ठसठशीत,
दोन्ही पोटं भरलेला,
वेळ घेऊन काढलेला.

तक्त्यात एक ओळ वाढवली.
डाव्या रकान्यात जुन्या फॉन्टची कळ,
उजव्या रकान्यात ळ.
आधी दहा नावं सोडून पाहिली, मग शंभर,
मग रांगच सोडली.
पिंगळे गेल्या. त्यांच्या मागून टोळे, पळशीकर,
एक सबनीस (त्यांना काहीच त्रास नव्हता,
उगाच थांबावं लागलं),
मग इंगळ्यांचं अख्खं घर.

लोकेंद्रनं विचारलं, "क्या था?"
लिहिलं, "एक अक्षर छूट गया था."
त्याचा अंगठा आला.

साडेसहाला पुन्हा लाल.
ओळ अठ्ठावन्न हजार तीस.
कुणा दिनकर भालेरावांचा जन्म एकतीस जूनचा.
हसूच आलं.
आर्द्रात झाला, एवढंच आईनं सांगितलं असेल,
आणि कारकुनानं
एक दिवस पदरचा घातला असेल.

खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वळली.
बादली द्यायची राहिली.
चहा टाकला, पेढीचा नंबर काढून ठेवला.
दहाला उघडेल.
त्यांचा तो दिवस काढून घेण्याआधी
कुणाला तरी विचारायला हवं.